तीनशेचं नेट आणि चिऱ्याची भिंत

आमच्या भावकीच्या ग्रुपवर महिन्याभरात एकच मेसेज चार वेळा आला. पहिल्यांदा टाकला तो कुडाळच्या आतेभावाने. मेसेज लांबलचक आहे, पण सार एवढंच: गावात ३०-४० एमबीपीएसचं नेट घेणं म्हणजे हायवेवर बैलगाडी हाकणं. घ्यायचं तर ३०० घ्या. पिक्चर अडकणार नाही, घरभर रेंज मिळेल, मुंबईशी व्हिडिओ कॉल समोरासमोर बसल्यासारखा होईल, गणपतीत पंचवीस माणसं आली तरी फरक पडणार नाही, आणि महिन्याला चार पैसे जास्त गेले तरी पुढच्या दहा वर्षांची सोय होईल.

कोकणातल्या माणसाने हायवेचं उदाहरण देऊ नये, पण ते असो.

मी देवगड तालुक्यातल्या एका वाडीत राहतो. २०२० पासून घरात बसूनच मुंबईच्या एका ऑफिसचे हिशेब सांभाळतो, त्यामुळे नेट गेलं की माझा दिवस जातो. ३०० चा प्लॅन मी नऊ महिने वापरला आणि मग १०० वर उतरलो. वेगवान नेटशी माझं वैर नाही. आमच्याकडे नेट जिथे रखडतं ती जागा प्लॅनमध्ये नसतेच, एवढंच सांगायचंय.

पिक्चरचा मुद्दा पटकन निकालात निघतो. नेटफ्लिक्स स्वतःच सांगतं की फुल एचडीला ५ एमबीपीएस लागतात आणि फोरकेला १५. यूट्यूब फोरकेला २० सांगतं. म्हणजे एकाच वेळी तीन टीव्हींवर फोरके लावलं तरी ६० च्या वर जात नाही, आणि तीन टीव्ही असलेलं घर आमच्या वाडीत एकही नाही. १०० वर ज्याचा पिक्चर अडकतो त्याचा ३०० वरही अडकेल. फरक पडतो तो मोठ्या फाइली उतरवताना. एमबीपीएसमधला ‘बी’ म्हणजे बिट. फाइल मोजतात बाइटमध्ये, आणि आठ बिटांचा एक बाइट. म्हणून १०० एमबीपीएस म्हणजे सेकंदाला साडेबारा एमबी. २ जीबीची फाइल त्यावर पावणेतीन मिनिटांत उतरते, ३०० वर मिनिटाच्या आत. माझा भाचा शंभर-शंभर जीबीचे गेम उतरवतो. त्याला सव्वादोन तास आणि पाऊण तास यातला फरक नक्की कळतो. तो मात्र पुण्यात असतो.

आता ‘घरभर रेंज’. मेसेजमधला सगळ्यात खोटा दावा हा, आणि मी फसलो तोही यालाच.

आमचं घर जुनं, चिऱ्याचं. समोर ओटी, मग माजघर, स्वयंपाकघर, आणि मागे पडवी. वायर पुढून येते म्हणून राउटर ओटीवर, टीव्हीशेजारी. मी काम करतो मागच्या पडवीत, कारण ओटीवर दिवसभर येणंजाणं. ३०० चं कनेक्शन लागलं त्या दिवशी फोन घेऊन घरभर फिरलो. ओटीवर २८० आले. माजघरात ४०. पडवीत ६. पुढे १०० वर उतरलो तेव्हा तोच फोन घेऊन त्याच जागांवर उभा राहिलो: ओटीवर ९२, माजघरात ३८, पडवीत ६. म्हणजे जास्तीचे पैसे मी भरत होतो ते ओटीपुरते. आणि ओटीवर नेट लागतं कोणाला, तर संध्याकाळी बातम्या बघणाऱ्या अण्णांना.

यात राउटरचा दोष नाही. चिरा म्हणजे भोकाभोकांचा, लोहाने लाल झालेला दगड, आणि आमच्या भिंती फूट-सव्वा फूट जाडीच्या. अशा तीन भिंती आडव्या. त्यात जूनपासून चिरा पाणी पितो. पाणी वायफायच्या लहरी शोषून घेतं. मायक्रोवेव्हमध्ये भात गरम होतो तो याच गुणावर, आणि ती भट्टी चालते त्याच २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात जुनं वायफायही चालतं. ५ गिगाहर्ट्झचा पट्टा जास्त वेगाचा, पण भिंत लागली की तो आधी मान टाकतो. प्लॅन तीनशेचा असो नाहीतर हजाराचा, राउटरच्या अँटेनातून निघणारा जोर तेवढाच. बंबात पाणी वाढवल्याने नळाचं तोंड मोठं होत नाही.

उपाय सुचवला तो आमच्या केबलवाल्या पोराने. त्याने भिंतीवर बोटाच्या पेराने दोनदा वाजवलं आणि म्हणाला, “दादा, भिंतीक भोक पाड. प्लान कित्याक वाढवतंस?” माळ्यावरून पंचवीस मीटर लॅन वायर नेली (उंदीर आहेत म्हणून प्लास्टिकच्या पायपातून), मागे कपाटात पडलेला जुना राउटर पडवीत लावला आणि त्याला नुसतं वायफाय पसरवायच्या कामाला जुंपलं. पडवीत आता ८५-९० मिळतात. खर्च दोन हजारांच्या आत, आणि तोही एकदाच.

व्हिडिओ कॉलचं गणित वेगळं. झूमला पूर्ण एचडी कॉलसाठी जाता-येता तीन ते चार एमबीपीएस पुरतात. कॉल तुटतो तो वेगाअभावी नाही, पाकिटं (नेटवरून माहिती ज्या छोट्या तुकड्यांत जाते ते) उशिरा किंवा वेडीवाकडी पोचल्यामुळे. फायबरमध्ये, म्हणजे घरात नेट आणणाऱ्या काचेच्या धाग्यात, उजेड सेकंदाला साधारण दोन लाख किलोमीटर जातो. देवगडहून मुंबईला पाचशे किलोमीटर धरले तर जाऊन यायला पाच मिलिसेकंद. हा आकडा प्लॅन वाढवल्याने एका मिलिसेकंदानेही खाली येत नाही.

मग कॉल अडकतो कशाने? आमच्याकडे अडकला तो काकूच्या फोनने. आदल्या रात्री भजन होतं, तिने दीड तासाचा व्हिडिओ काढला, आणि सकाळी साडेदहाला, नेमकं माझ्या मीटिंगच्या वेळी, तिचा फोन गुपचूप तो वर चढवायला बसला. अपलोडची वाट भरली की राउटर पाकिटांची रांग लावतो, आणि माझा आवाज त्या भजनाच्या मागे उभा राहतो. दुपारी मुंबईच्या मावशीलाही तोच अनुभव: “आवाज येता, पण तू खय दिसतंस?”

इथे मेसेजला अर्धा गुण द्यायला हवा. अपलोड मोठं असेल तर रांग लवकर सरते. फायबरच्या बऱ्याच प्लॅनमध्ये अपलोड डाउनलोडइतकंच असतं, ५जीच्या बिनतारी जोडणीत बरंच कमी. तेव्हा कनेक्शन घेताना “अपलोड किती?” हा प्रश्न आधी विचारा. ३०० चा बोर्ड लावणारे तो आकडा सहसा तोंडावर आणत नाहीत. मी राउटरच्या सेटिंगमध्ये जाऊन कामाच्या लॅपटॉपला पहिला मान दिला, आणि काकूला फोटो रात्री चढवायची सवय लावली. दुसरं काम जास्त कठीण होतं.

गणपतीतल्या पंचवीस माणसांचं काय? पंचविसांपैकी बारा जण एकदम व्हिडिओ बघत बसले तरी बारा पंचे साठ. पण वायफायवर एका पट्ट्यात एका वेळी सहसा एकच फोन बोलू शकतो, बाकीचे थांबतात. त्यात खळ्यात उभा राहून एका काडीच्या रेंजवर रील बघणारा चुलतभाऊ सगळ्यांचा वेळ खातो, कारण त्याला तेवढंच बोलायला दहापट वेळ लागतो. शिवाय घराबाहेरही वाटणी आहे. गावातल्या फायबरमध्ये सहसा एका धाग्यावर ३२ किंवा ६४ घरं असतात आणि त्या सगळ्यांत मिळून खाली येणारा वेग सुमारे २५०० एमबीपीएस. बत्तीस घरांनी ३०० चा प्लॅन घेतला तर बेरीज ९६०० होते. सगळे एकदम वापरणार नाहीत या भरवशावर हा धंदा चालतो, आणि एरवी तो भरवसा खराही ठरतो. पण चतुर्थीला सगळे चाकरमानी घरात आणि सगळ्यांची आरती एकाच वेळी दुबईला लाइव्ह. तेव्हा वाट्याला येईल ते खरं.

पैशाचा हिशेब माझ्या धंद्यातला, म्हणून जरा थांबतो. मोठ्या कंपन्यांच्या दरपत्रकात १०० एमबीपीएस ६९९-७९९ ला आणि ३०० एमबीपीएस १४९९ च्या आसपास बरीच वर्षं दिसत आलेत, वर १८ टक्के जीएसटी. ६९९ आणि १४९९ धरले तर फरक करासह महिन्याला ९४४ रुपये, वर्षाला ११,३२८. याला ‘चार पैसे’ म्हणणारा माणूस आंब्याच्या हंगामात मात्र पेटीमागे पन्नास रुपयांसाठी दलालाशी तासभर भांडतो. आणि ‘अनलिमिटेड’ लिहिलेल्या बऱ्याच प्लॅनमागे महिन्याला ३३०० जीबीची मर्यादा असते. ३०० च्या पूर्ण वेगाने नेट ओढलं तर ती साडेचोवीस तासांत संपते. म्हणजे तो वेग महिन्यात एकच दिवस-रात्र वापरा, असा त्याचा अर्थ.

दहा वर्षांची सोय म्हणाल तर ती काचेच्या धाग्यात आहे, प्लॅनमध्ये नाही. धागा एकदा घरात आला की ऑफिसात बसून आकडा बदलतात. उद्या गरज लागली तर उद्या वाढवा.

आठ खोल्यांचा होमस्टे तारकर्लीला चालवणाऱ्याने किंवा ड्रोनचे व्हिडिओ कापून पाठवणाऱ्याने ३०० जरूर घ्यावं, त्यांचा धंदाच त्यावर आहे. आणि “गावात फायबर कशाला, मोबाइलचं नेट पुरे” म्हणणाऱ्यांच्या ओळीत मला बसवू नका. लॉकडाउनमध्ये परीक्षेसाठी सड्यावर छत्री धरून बसलेली मुलं मी पाहिली आहेत. सरकारी व्याख्येत जानेवारी २०२३ पर्यंत ५१२ केबीपीएसला ब्रॉडबँड म्हणत होते, तेव्हा कुठे ते २ एमबीपीएस झालं. ३० आणि १०० यातला फरक चार माणसांच्या घरात कळतो. १०० आणि ३०० यातला शोधावा लागतो.

मेसेजमध्ये एका गोष्टीचा शब्दही नाही: लाइट. ३ जून २०२० ला निसर्ग आलं, मे २०२१ मध्ये तौक्ते. त्यानंतर कित्येक गावं दिवसेंदिवस अंधारात होती. वादळ सोडा, आषाढातला एक जोरकस वारा आणि तारेवर पडलेली फणसाची फांदी एवढंही पुरतं. फायबरच्या धाग्यातून वीज जात नाही, उजेड जातो. घरातले दोन डबे (फायबरचा डबा आणि राउटर) आणि पलीकडचं केबलवाल्याचं यंत्र चालू असेल तर लाइट गेली तरी नेट चालतं. ते डबे बहुतेक १२ व्होल्टचे असतात. दीड-दोन हजारांची छोटी बॅटरी लावली की दोन-तीन तास निघतात. माझ्या नोकरीच्या दृष्टीने ही बॅटरी त्या जादा २०० एमबीपीएसपेक्षा मोलाची ठरली आहे.

आणि धागा तुटला तर? आमचा धागा आंब्याच्या झाडांवरून येतो, वांदर त्याला झोके घेतात. गेल्या श्रावणात डब्यावरची लाल लाइट लुकलुकायला लागली. केबलवाला पोरगा भर पावसात आला. एकाने छत्री धरायची, दुसऱ्याने मांडीवर जोडयंत्र घेऊन केसाएवढ्या दोन काचा एकमेकांना जोडायच्या. छत्री मी धरली. उजेडाचा जोर मोजणाऱ्या मीटरवर आधी उणे ३१ दिसत होते. जोडल्यावर उणे २२ झाले आणि लाइट हिरवी झाली. उणे २७ च्या खाली गेलं की डबा हात टेकतो, तो म्हणाला. शंभरवाल्याचाही आणि तीनशेवाल्याचाही.

हे सगळं मी ग्रुपवर लिहिलं. आतेभाऊ चिडला. “माझ्याकडे दोन वर्षं ३०० आहे, नेट कसं पळतं ते येऊन बघ.” मी म्हटलं, येतो कशाला, राउटरला लागून उभा राहा आणि स्पीड मोजून पाठव. त्याने तीन वेळा मोजला: ९४, ९४, ९३. मी विचारलं, फायबरच्या डब्यातून राउटरला जी छोटी वायर जाते तिच्या टोकात किती तारा दिसतात? बऱ्याच वेळाने फोटो आला. आठांच्या जागी चारच तारा होत्या. चार तारांवर १०० च्या पुढे काही जात नाही.