नाझ्काची रेषा एकदा जमिनीवरून बघा

परवा पुन्हा तोच व्हिडिओ आला. विमानातून दिसणारं पेरूमधलं नाझ्काचं वाळवंट, त्यावर पसरलेला हमिंगबर्ड, कोळी, शेपटीचं वेटोळं केलेलं माकड, आणि मागून भारदस्त आवाजात प्रश्न : फक्त आकाशातूनच दिसणारी ही चित्रं दोन हजार वर्षांपूर्वी कुणासाठी काढली असतील? उत्तर ठरलेलं. परग्रहावरच्या पाहुण्यांसाठी. पाठवणारा जुना मित्र आहे. सोबत त्याने विचारलंय, वाळवंटातल्या प्राचीन वस्तूंमध्ये आकाशातून आलेलं काहीच नाही का? त्याला दोन ओळींत काय सांगणार, म्हणून इथे सविस्तर लिहितेय.

शाळकरी वयात मीही हे मानायचे, अगदी मनापासून. रात्री तारे बघताना वाटायचं, तिकडून कुणीतरी येऊन गेलंय, आणि अंगावर काटा यायचा. तो काटा खरा होता. विश्वात आपण एकटेच आहोत का, हा प्रश्न मला आजही तितकाच मोठा वाटतो. पण त्याचं उत्तर नाझ्कात शोधायला लागले तेव्हा पहिल्याच पायरीला अडखळले, कारण ती रेषा मुळात असते कशी हेच मला माहीत नव्हतं.

तिथल्या जमिनीवर दगडांचा थर पसरलेला आहे. वर्षानुवर्षं उघड्यावर पडून, लोहाच्या ऑक्साइडचा लेप चढून वरून काळपट-तांबूस झालेले दगड. एक उचलला की खाली फिकट पिवळसर माती दिसते. बस्स, एवढंच. दगड उचलायचा, कडेला ठेवायचा, पुढचा उचलायचा. रेषेची खोली बहुतेक ठिकाणी वीतभरसुद्धा नाही. दोन्ही बाजूंना उचललेल्या दगडांचा लहानसा वरंबा, आणि मधून माणूस चालू शकेल अशी वाट. पाऊस जवळजवळ पडतच नाही, म्हणून ती वाट आजही तशीच आहे. (म्हणूनच २०१८ मध्ये एक ट्रक रस्ता सोडून त्या रेषांवर गेला, तेव्हा त्याच्या चाकांचे व्रणही तिथे उमटले. ती बातमी वाचून मला दिवसभर चैन पडलं नव्हतं.)

अनेक प्राण्यांची चित्रं एकाच अखंड रेषेने काढलेली आहेत. कोळी साधारण ४६ मीटरचा, हमिंगबर्ड ९० मीटरहून मोठा. रेषा एका टोकाने आत शिरते, पाय, पंख, चोच असं सगळं फिरून दुसऱ्या टोकाने बाहेर पडते, स्वतःला कुठे न छेदता. ही चालत फिरायची वाट होती, असं बऱ्याच अभ्यासकांचं मत आहे. रेषांच्या आसपास फुटलेल्या मडक्यांच्या खापऱ्या सापडतात, नाझ्का लोकांच्याच. म्हणजे तिथे माणसं यायची, सोबत भांडी आणायची. हे चित्र डोळ्यांसमोर आलं तेव्हा मला विमानातला फोटो पहिल्यांदाच अपुरा वाटला. त्या माकडाच्या दोन्ही हातांना मिळून नऊच बोटं आहेत. का, कोण जाणे. पण कुणीतरी ती बोटं एकेक दगड हलवून, वाकून, घाम गाळून आखली आहेत.

राहिला 'फक्त आकाशातूनच दिसतं' हा मुद्दा. आसपासच्या टेकड्यांवरून काही आकृत्या दिसतात. शिवाय जपानच्या यामागाता विद्यापीठाच्या मासातो साकाई यांच्या चमूने २०२४ मध्ये कृत्रिम बुद्धिमत्तेच्या मदतीने सहा महिन्यांत ३०३ नव्या आकृत्या शोधल्याचं जाहीर केलं. त्यांत बहुसंख्य लहान आहेत, सरासरी ९ मीटरच्या आसपास, आणि त्या जुन्या पायवाटांच्या कडेला आहेत. माणसं, पाळीव जनावरं असे विषय. वाटेने जाणाऱ्याने बघावं म्हणून काढलेल्या. हे त्या व्हिडिओत कधीच येत नाही.

परग्रहवासी पृथ्वीवर येऊन गेले असं मांडणारे स्विस लेखक एरिक फॉन डॅनिकेन यांनी १९६८ च्या पुस्तकात नाझ्काच्या लांब पट्ट्यांची तुलना विमानतळाशी केली आणि ती जगभर पसरली. ज्यांनी आयुष्याची चाळीसहून अधिक वर्षं त्या रेषा मोजण्यात आणि झाडून स्वच्छ करण्यात घालवली, त्या मारिया राइखे सांगायच्या की ही जमीन फार मऊ आहे, इथे उतरलेलं यान रुतून बसेल. आणि आकार मोठा म्हणून माणसाला जमणार नाही असं म्हणावं, तर १९८२ मध्ये अमेरिकी संशोधक जो निकेल यांनी केंटकीमध्ये घरच्या काही माणसांना हाताशी धरून, लाकडी खुंट्या आणि दोरी एवढ्यावर ४४० फुटी काँडोर पक्षी आखून दाखवला होता.

पण मला राग येतो तो चुकीच्या तर्काचा नाही. चुका मीही केल्यात. राग येतो तो पुढे जे घडलं त्याचा.

२०१७ पासून परग्रहवासीयांची शरीरं म्हणून नाझ्काच्या 'तीन बोटांच्या ममी' फिरू लागल्या. २०२३ मध्ये तर मेक्सिकोच्या संसदेत पेट्या उघडून त्या दाखवल्या गेल्या. लिमाच्या विमानतळावर तसल्याच दोन बाहुल्या जप्त झाल्या होत्या. पेरूच्या न्यायवैद्यक तज्ज्ञांनी जानेवारी २०२४ मध्ये सांगितलं : प्राण्यांची हाडं, आजच्या काळातला कृत्रिम गोंद. आणि त्यांनी तपासलेला तीन बोटांचा एक हात माणसाच्या हाडांपासून जुळवलेला होता.

माणसाच्या हाडांपासून. कुणाचा तरी हात होता तो. ज्यांना या गोष्टीत फक्त गंमत दिसते, त्यांनी इथे क्षणभर थांबावं. आधी म्हटलं की रेषा त्या लोकांच्या हातच्या नाहीत, आणि मग पुरावा म्हणून माणसाचेच हात मोडून वापरले.

मित्रा, आता तुझ्या मूळ प्रश्नाकडे येते. वाळवंटातल्या प्राचीन वस्तूंमध्ये आकाशातून आलेलं काहीच नाही का? आहे, आणि ते मला कुठल्याही यानापेक्षा मोठं वाटतं. प्राचीन इजिप्तचा राजा तूतानखामुन याच्या ममीपाशी एक खंजीर सापडला होता, सोन्याच्या मुठीचा, लोखंडी पात्याचा. २०१६ मध्ये क्ष-किरणांनी तपासणी झाली. पात्यात निकेल सुमारे ११ टक्के निघालं, सोबत कोबाल्ट. जमिनीतल्या खनिजापासून काढलेल्या लोखंडात इतकं निकेल सहसा नसतं, म्हणजे ते उल्केचं लोखंड. त्याच राजाच्या छातीवरच्या दागिन्यातला पिवळसर भुंगा लिबियन वाळवंटातल्या काचेचा आहे. ती काच सुमारे २ कोटी ९० लाख वर्षांपूर्वी तयार झाली, आणि २०१९ च्या एका अभ्यासानुसार, उल्का आदळल्याने वाळू वितळून.

त्याहून जुनी गोष्ट कैरोच्या दक्षिणेला असलेल्या गेरझेहची. १९११ मध्ये तिथल्या थडग्यांत लोखंडाचे नऊ मणी मिळाले, इसवी सनापूर्वी सुमारे ३२०० चे. लोखंड वितळवायची विद्या तेव्हा तिथे नव्हती. हेही उल्केचंच लोखंड. तपासणीत दिसलं की कुणीतरी तो ठिसूळ, हट्टी धातू ठोकून ठोकून पातळ पत्रा केला होता, पत्रा गुंडाळून नळी केली होती, आणि नळीतून दोरा ओवून सोन्याच्या आणि लॅपिस लाझुली या निळ्या दगडाच्या मण्यांच्या शेजारी गळ्यात घालायला दिली होती.