खुलासा : मरीन लाइन्सचं नाव मरीन ड्राइव्हवरून पडलेलं नाही

‘मरीन ड्राइव्ह झाला म्हणून शेजारच्या स्टेशनला मरीन लाइन्स नाव मिळालं आणि चर्चगेट पहिल्यापासूनच शेवटचं स्टेशन आहे’ असा मेसेज सध्या बऱ्याच ग्रुपवर फिरतोय. दोन्ही गोष्टी चुकीच्या आहेत.

या भागात ब्रिटिशांच्या मरीन बटालियनच्या बराकी होत्या. लष्करी वस्तीला ‘लाइन्स’ म्हणायची तेव्हा पद्धत होती, त्यावरून हे नाव आलं. मरीन ड्राइव्हचा रस्ता १९३० च्या दशकातला, म्हणजे नाव रस्त्याच्या कितीतरी आधीचं. आज पुलावर उभं राहून पश्चिमेला पाहिलं की रूळ, मग जिमखान्यांची मैदानं, मग रस्ता आणि त्यापलीकडे पाणी दिसतं. भराव पडण्याआधी हेच पाणी पुष्कळ जवळ होतं.

विरारहून पहिली लोकल १२ एप्रिल १८६७ रोजी सुरू झाली, तीही या किनाऱ्यावरच्या बॅक बे स्टेशनपर्यंत. पुढे रूळ कुलाब्यापर्यंत गेले. ५ जानेवारी १९२८ ला विजेची गाडी आली तीसुद्धा कुलाबा ते बोरिवली. ३१ डिसेंबर १९३० ला कुलाबा स्टेशन बंद झालं, तेव्हा कुठे चर्चगेट शेवटचं स्टेशन बनलं. कुलाबा स्टेशनच्या जागी आज बधवार पार्क ही रेल्वे अधिकाऱ्यांची वसाहत आहे.

चिराबाजार, बॉम्बे हॉस्पिटल, चंदनवाडी, सगळ्यासाठी लोक रोज इथेच उतरतात. त्यांच्या स्टेशनचं नाव कुठून आलं, हे त्यांना बरोबरच कळायला हवं. मेसेज पुढे पाठवला असेल, तर त्याच ग्रुपवर हा खुलासाही टाका.