मोडीत न निघालेला बंब

नाशकात, आमच्या इंदिरानगरच्या फ्लॅटच्या बाल्कनीत, वॉशिंग मशीनच्या मागे, तांब्याचा एक बंब ११ वर्षं उभा होता. तिवंध्याजवळचा वाडा पडायला आला तेव्हा तो आमच्याबरोबर इकडे आला. वाड्यात तो रोज पहाटे पेटायचा. आजोबा वखारीतून बंबफोड आणायचे आणि एकेक ढलपी सोन्याच्या भावाने वापरायचे. फ्लॅटमध्ये आल्यावर त्याला एकच काम उरलं होतं. पडलेला चिमटा उचलायला जो वाकेल, त्याच्या गुडघ्यात तोटी मारायची. ११ वर्षांत त्याच्याबद्दल कुणी प्रेमाचा शब्द काढल्याचं मला आठवत नाही. आपलं म्हटलं ते फक्त कबुतरांनी.

म्हणून यंदा दिवाळीची आवराआवर करताना मी सहज म्हणालो, "हा बंब मोडीत देऊन टाकू."

"मोडीत?" आतल्या खोलीतून आईचा आवाज आला. एरवी तिला दारावरची बेल ऐकू येत नाही. "तुझ्या बारशाचं पाणी त्यात तापलंय!"

बायकोचा तर आठवड्यातून दोनदा त्या तोटीने उद्धार व्हायचा. ती म्हणाली, "राहू दे की. खायला मागतोय का तो?" दहा मिनिटांत सिन्नरहून ताईचा फोन. बातमी तिथवर कोणी पोचवली देव जाणे. "त्या बंबात माझं बालपण आहे रे!" म्हटलं, मग घेऊन जा. तर, "आमच्याकडे कुठे जागा!" पुण्याच्या दादाने व्हिडिओ कॉलवर बंब चहूबाजूंनी फिरवून पाहिला, "याला अँटिक म्हणतात" असं जाहीर केलं आणि मीटिंग आहे म्हणून ठेवून दिला.

लेक टी.वाय.ला आहे, अर्थशास्त्र घेऊन. तिला या तमाशात अभ्यास दिसायला लागला. "बाबा, हा मगांचा प्रयोग चाललाय आपल्या घरात." मानसशास्त्रज्ञ डॅनियल काहनेमन, अर्थतज्ज्ञ रिचर्ड थेलर आणि त्यांचा एक सहकारी. १९९०चा निबंध. अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठात वर्गातल्या निम्म्या मुलांना कॉफीचे मग वाटले आणि विचारलं, केवढ्याला विकाल? उरलेल्यांना विचारलं, केवढ्याला घ्याल? मग तोच, वर्ग तोच. पण ज्यांच्या हातात तो होता त्यांनी साधारण दुप्पट किंमत सांगितली. "आणि त्यांच्याकडे तो नुकताच आलेला, बाबा. बारसं नाही, बालपण नाही, काही नाही."

मी म्हटलं, बरोबर आहे, माणसं भावनेत वाहतात. पण मी विकायला निघालोय ना?

"केवढ्याला?"

"पंचवीस हजार."

"हा आकडा कुठून आला?"

आता खरं सांगायचं तर आदल्या रात्री मी मोबाइलवर एक बंब पाहिला होता. कुणाच्या तरी बंगल्यात, कोपऱ्यात, वरून पिवळा दिवा सोडलेला. किंमत २८,०००. त्यातले तीन हजार मी मोठ्या मनाने सोडले होते.

आपल्या नाशकात गंगेला, म्हणजे गोदावरीला, पूर आला की किती क्युसेक पाणी सोडलं हे कोणी विचारत नाही. नदीपात्रात उभ्या असलेल्या दुतोंड्या मारुतीच्या कुठवर लागलं, एवढंच विचारतात. कमरेला म्हणजे ठीक, गळ्याशी आलं की भांडी बाजारवाले माल वरच्या मजल्यावर चढवणार. मनाचंही तसंच असतं म्हणे. समोर जो मारुती दिसेल त्यावर माप घ्यायचं. फरक एवढाच की आपला मारुती जागचा हलत नाही. काहनेमन आणि दुसरे मानसशास्त्रज्ञ एमॉस ट्वर्स्की यांनी लोकांसमोर एक आकड्यांचं चक्र फिरवलं. चक्रात मेख होती, ते १० किंवा ६५ वरच थांबायचं. मग विचारलं, संयुक्त राष्ट्रांत आफ्रिकी देश किती टक्के? चक्राचा आणि आफ्रिकेचा काडीचा संबंध नाही. तरी १० पाहिलेल्यांचं उत्तर २५च्या आसपास आणि ६५ पाहिलेल्यांचं ४५. हे छापून आलं १९७४ साली. माझं चक्र २८,०००वर थांबलं होतं.

एवढं कळूनही आकडा डोक्यातून हलेना. पंचवीस हजारांची वस्तू काळीकुट्ट कशी न्यायची, म्हणून मी ती घासायला घेतली. चिंच, मीठ, लिंबू, नंतर पितांबरी, शेवटी जुना टूथब्रश. तीन रविवार गेले. मिसळीचे तीन रविवार! आतल्या नळीत हात घालून काजळी काढताना मनगट अडकलं ते वेगळंच. तोटी गळत होती, म्हणून ४५० रुपयांची नवी बसवली. पण तिसऱ्या रविवारी संध्याकाळी उन्हाची तिरीप त्याच्यावर पडली आणि मठारकामाचा एकेक ठोका नाण्यासारखा चमकला, तेव्हा मी पटकन फोटो काढला आणि ताईला पाठवला. तिने रडण्याचे चार चेहरे पाठवले.

शेवटी मी आणि लेक बंब घेऊन रिक्षात बसलो. तो मधे, आम्ही दोघं कडेला. रविवार कारंजापाशी रिक्षावाल्याने हात वर केले. "आज बुधवार आहे साहेब, पुढे नाही जाणार." गंगेवर बुधवारचा बाजार भरतो हे जन्मापासून ठाऊक असलेला माणूस त्याच दिवशी बंब घेऊन निघतो, याला शास्त्रात काय म्हणतात हे मी लेकीला विचारलं नाही. मी बंब खांद्यावर घेतला. भांडी बाजारापर्यंत निदान सहा जणांनी विचारलं, "केवढ्याला घेतला हो?" दर वेळी माझी छाती फुगली.

दुकानदार काकांनी बंबाकडे पाहिलं नाही. त्यांनी तो उलटा केला, बुडाला नखाने टिचकी मारली आणि तोटीकडे बघून म्हणाले, "ही लोखंडी आतून. काढून घ्या." माझे ४५० तिथेच गेले. मग काट्यावर. ९ किलो ४०० ग्रॅम. "खाली दोन ठिकाणी डाग देऊन सांधलाय. चारशे ग्रॅम घट. नऊ किलो धरा. साडेसहाशेने पाच हजार आठशे पन्नास."

"अहो, पण घासलाय किती!"

"घासलात कशाला?" त्यांना खरंच वाईट वाटलं. "मोडीत काळं-गोरं एकच."

पंचवीस हजारांतून ५,८५० गेले, राहिले १९,१५०. हे पैसे माझ्याकडे कधी नव्हतेच. तरी खिसा कापला गेल्यासारखं झालं. नुकसानीचं दुःख तेवढ्याच फायद्याच्या आनंदाच्या साधारण सव्वादोन पट असतं, हा हिशेब काहनेमन आणि ट्वर्स्कींनी १९९२ साली मांडला, असं लेकीने रिक्षातच सांगितलं होतं. त्या दराने मी दुकानाच्या पायरीवर त्रेचाळीस हजारांच्या वर दुःखात होतो.

"साहेब, एक विचारू?" काकांनी चहा मागवला होता. "हाच बंब माझ्या दुकानात मांडलेला असता, तर तुम्ही केवढ्याला घेतला असता?"

"मी कशाला घेईन? ठेवू कुठे?"

लेकीने माझ्याकडे पाहिलं. मी चहाकडे पाहिलं. थेलरच्या १९८०च्या निबंधात एक वाइनचा शौकीन आहे; नाशिककर म्हणून मला तो मगांपेक्षा जवळचा वाटतो. त्याने पाच डॉलरला बाटली घेतली. काही वर्षांनी दुकानदार तीच शंभरला परत मागत होता, तर हा देईना. आणि स्वतः मात्र कुठल्याही बाटलीला ३५च्या वर कधी मोजले नव्हते. पण त्याची वाइन निदान पिता तरी येत होती.

"विचार करून सांगतो," म्हणून मी उठलो. काकांनी आग्रह केला नाही. नुसते म्हणाले, "बंब चांगला आहे. ठेवायचाच असेल तर शोभेला घंगाळ लागतं सोबत." आणि फळीवरून एक तांब्याचं घंगाळ काढून माझ्या हातात दिलं.

"नको, नको, घ्यायचं नाहीये."

"घेऊ नका हो. वजन तर बघा."

मी वजन बघितलं. कड्या पितळी होत्या, जाड. आत माझा चेहरा दिसत होता, जरा पसरट, पण समाधानी. काकांनी माझ्या हातातलं ते परत घेण्याची अजिबात घाई केली नाही. ते दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळले, ताटांचा भाव सांगून आले, तरी घंगाळ माझ्याच हातात.

"केवढ्याला?" हा आवाज माझा होता.

"साडेसहा हजार. तुम्हाला चार हजार आठशे."

मी आशेने लेकीकडे पाहिलं. आता ही चक्र काढेल, मग काढेल, कुणाचा तरी निबंध काढेल. तिने घंगाळ माझ्या हातातून घेतलं, जरा तिरकं धरलं, कडी वाजवून पाहिली. "बाबा," ती हळूच म्हणाली, "सतराशे वाचतायत."

परतीच्या रिक्षात बंब मधे होता आणि घंगाळ तिच्या मांडीवर. दार आईने उघडलं. बायको मागून आली, तिने आधी बंब पाहिला, मग घंगाळ, मग मला.

"विकायला गेला होतात ना?"

"वॉशिंग मशीन जरा पुढे घ्यावं लागेल," मी म्हणालो.