‘हे किराणा दुकानाचं शहाणपण आहे’ : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार दादा,

कोल्हापूरच्या उद्यमनगरातल्या जुन्या कारखानदारांवरच्या माझ्या लेखाखाली तुम्ही तीन आक्षेप घेतलेत. ‘उधारी सांभाळा, बेतानं वाढा’ हा त्यांचा सल्ला म्हणजे किराणा दुकानाचं शहाणपण आहे, स्टार्टअपला वेग लागतो. कोल्हापुरात बाहेरचं भांडवल फिरकत नाही म्हणून आम्ही त्याला नावं ठेवतो. आणि मी टिकलेल्यांचंच ऐकतो, बुडालेल्यांना विचारत नाही.

तिसरा आक्षेप पटला. त्या लेखात बुडालेला एकही माणूस नव्हता. म्हणून आज माझं सांगतो.

२०१८ मध्ये शिरोलीत भाड्याच्या शेडमध्ये दोन लेथ (धातू कातायची यंत्रं) टाकून मी पंपाचे इम्पेलर, म्हणजे पाणी ढकलणारी आतली चाकं, मशीनिंग करून एका मोठ्या कंपनीला द्यायला लागलो. महिन्याला ४ लाखांचा माल जायचा, पैसे ९० दिवसांनी. म्हणजे कायम १२ लाख अडकलेले. घरचे पैसे आणि कर्ज घालून ते निभत होतं. मग ऑर्डर दुप्पट झाली. तोच वेग, ज्याबद्दल तुम्ही लिहिलंय. अडकलेली रक्कम १२ वरून २४ लाखांकडे निघाली. कास्टिंगवाल्याला, म्हणजे इम्पेलरचे कच्चे ओतीव भाग देणाऱ्याला, १५ दिवसांत पैसे लागत, पगार ७ तारखेला, जीएसटी २० तारखेला. आणि तो बिलावर भरावा लागतो, पैसे हातात आलेले असोत वा नसोत. हिशेबात दरमहा ८० हजार नफा दिसत होता आणि बायकोच्या पाटल्या गहाण होत्या. चौदाव्या महिन्यात लेथ विकले.

शेड रिकामी करताना कास्टिंगवाले काका आले. त्यांचेही पैसे माझ्याकडे होते, पण त्याबद्दल अवाक्षर नाही. खिशातून छोटी वही काढली. प्रत्येक बिलापुढे तीन रकाने: माल गेला ती तारीख, पैसे येणार ती तारीख, आले ती तारीख. शेवटच्या दोन रकान्यांतलं अंतर वाढायला लागलं की ते त्या गिऱ्हाइकाची नवी ऑर्डर घेत नसत, गिऱ्हाईक कितीही मोठं असो. “तू माल किती गेला ते लिहिलंस, पैसे कधी आले ते लिहिलं नाहीस,” एवढंच म्हणाले. त्यांचे पैसे फेडायला मला दोन वर्षं लागली.

तेव्हा कायदाही मला माहीत नव्हता. २००६ च्या एमएसएमई (सूक्ष्म, लघु, मध्यम उद्योग) कायद्याप्रमाणे सूक्ष्म आणि लघु उद्योगाचे पैसे लेखी करार असला तरी जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यावे लागतात, करार नसेल तर १५ दिवसांत. उशीर झाला तर बँक दराच्या तिप्पट व्याज, तेही दरमहा चक्रवाढीनं. २०२३-२४ या आर्थिक वर्षापासून तर मुदतीत न दिलेली रक्कम खरेदीदाराला आयकरासाठी ती प्रत्यक्ष देईल त्याच वर्षीच्या खर्चात दाखवता येते. या संरक्षणासाठी लघुउद्योगांची सरकारी ‘उद्यम’ नोंदणी पहिल्याच आठवड्यात करा. माझ्या वेळी तिच्या जागी ‘उद्योग आधार’ होतं, तेही मी केलं नव्हतं.

आता वेगाचं. लक्ष्मणराव किर्लोस्करांचा लोखंडी नांगर सुरुवातीला शेतकरी घेत नव्हते, लोखंडानं जमिनीत विष भिनतं अशी समजूत होती. पहिला नांगर विकला जायला दोन वर्षं गेली. किर्लोस्करवाडी उभी राहिली ती त्यानंतर, १९१० मध्ये. गिऱ्हाइकाचा विश्वास बसायला लागणारा काळ भांडवल ओतून फारसा आखडत नाही, आणि तेवढा काळ तग धरायला रोकड लागते.

भांडवलाबाबत तुमचं अर्धं बरोबर आहे. ज्या ॲपवर आधी गर्दी जमवावी लागते, तिथे बाहेरचा पैसा लागतोच, आणि त्यासाठी इथल्या पोरांना पुण्या-मुंबईला खेटे घालावे लागतात हा अन्याय आहे. पण तुम्ही लिहिलंय की तुमचं सॉफ्टवेअर फाउंड्रीतलं (ओतकाम कारखान्यातलं) रिजेक्शन, म्हणजे नापास झालेला माल, मोजतं. ब्लो होल, म्हणजे ओतीव मालात वायूमुळे पडणारी भोकं, कुठल्या पाळीत, साच्याच्या कुठल्या वाळूत जास्त येतात हे जो दाखवील त्याला इथला कारखानदार पहिल्या महिन्यापासून पैसे देईल. शिरोली, गोकुळ शिरगाव, कागल इथली गिऱ्हाइकं दुचाकीवरून गाठता येतात. गुंतवणूकदाराआधी त्यांच्याकडे जा.

तीन कंपन्यांशी बोलणी चालू आहेत म्हणता. त्यांच्या पेमेंटच्या अटी काय आहेत, आगाऊ किती मिळणार आणि बाकीचे कधी, तेवढं इथेच लिहा. तुमचे रकाने आपण दोघं मिळून भरू.