पुस्तक आणायला गेली अन् अर्धा किलो घेऊन आली

‘फ्रेंचचं अख्खं व्याकरण चार सूत्रांत’ हा मेसेज महिनाभर फिरून राहिला आहे. तीनदा आला, तीनदा पुसला. पण परवा भाची वही घेऊन नागपूरला धरमपेठेत माझ्याकडे आली आणि डोकंच फिरलं. ‘मी बर्डीवरून (सीताबर्डीच्या बाजारातून) पुस्तक घेतलं’ हे वाक्य तिनं फ्रेंचमध्ये लिहिलं होतं, पुस्तकाच्या आधी ‘ला’ लावून. फ्रेंचमध्ये पुल्लिंगी नामाआधी ‘ल’ लागतो, स्त्रीलिंगीआधी ‘ला’. “मावशी, स्पेलिंगच्या शेवटी ‘ई’ आहे ना, मग स्त्रीलिंगी. बाबांनी पाठवलेल्या मेसेजमध्ये आहे.” धन्य ते भाऊजी!

हेच सूत्र पहिलं. अहो, ‘ल लिव्र’ म्हणजे पुस्तक आणि ‘ला लिव्र’ म्हणजे वजनाचं माप. फ्रान्सच्या बाजारात आजही अर्ध्या किलोला म्हणतात. म्हणजे पोरीनं बर्डीच्या फूटपाथवरून अर्धा किलो घेतलं. कशाचं, ते तिलाच माहीत. दोन्हींचं स्पेलिंग अगदी एक, शेवटी ‘ई’. ‘पोस्त’चं तसंच: ‘ला’ लावा, टपाल, ‘ल’ लावा, नोकरीतलं पद. ‘म्युझे’ आणि ‘लिसे’, म्हणजे संग्रहालय आणि शाळा, यांच्या शेवटी तर दोन-दोन ‘ई’, तरी पुल्लिंगी. उलट हात, घर, फूल यांच्या फ्रेंच शब्दांच्या शेवटी ‘ई’ नाही, अन् तिन्ही स्त्रीलिंगी. ‘ई’चा कल तिकडे असतो, एवढं कबूल. पण कलाच्या भरवशावर पेपर लिहितात का? शब्द पाठ करायचा तो ‘ल’ किंवा ‘ला’सकटच. ‘तो रस्ता, ती वाट’ आपण तरी कोणत्या सूत्रानं शिकलो?

दुसरं: ‘1990 साली फ्रान्सनं अक्षरांवरच्या खुणा रद्द केल्या.’ यात चिमूटभर खरं आहे, म्हणूनच जास्त राग येतो. 6 डिसेंबर 1990 च्या फ्रेंच राजपत्रात सुधारणा छापल्या. त्यांनी ‘आय’ आणि ‘यू’ या अक्षरांवरची टोपी (^) बऱ्याच शब्दांत ऐच्छिक केली, अन् जुनं लेखनही चूक धरायचं नाही असं ठरलं. बस. ‘स्युर’ची टोपी तिथंही शाबूत, कारण ती काढली की ‘खात्रीचा’चा ‘वर’ होतो. ‘ई’वरच्या खुणा काही शब्दांत बदलल्या, पण रद्द केल्या नाहीत. ‘पेशर’मधल्या पहिल्या ‘ई’वर टोपी असली तर कोळी, तिरकी रेघ असली तर पापी. टाका काढून, मग बसा कोळ्याला पापी म्हणत.

तिसरं: एका माणसाला ‘त्यू’, अनेकांना ‘वू’. घरात तू-तुम्ही शिकलेल्या माणसानं हे पुढे पाठवावं? बँकेतले साहेब एकटेच बसलेत म्हणून त्यांना “काय रे” म्हणता का? अनोळखी माणूस एकटा असला तरी ‘वू’च. देवाला मात्र तेही ‘त्यू’ म्हणतात, आपण विठोबाला म्हणतो तसं.

चौथं: शेवटचं व्यंजन कधीच उच्चारायचं नाही. बरं. मेसेज सुरूच ‘बोंझूर’नं होतो, त्यातल्या ‘र’चं काय करायचं, तेवढं भाऊजींनी सांगावं.