नॅशव्हिल ट्यूनिंगने गिटार मोडते म्हणे!

गेल्या आठवड्यात एका विद्यार्थ्याच्या वडिलांचा मेसेज आला. खाली एक लांबलचक फॉरवर्ड आणि वर त्यांची एकच ओळ : "सर, तुम्ही आमच्या जुन्या गिटारला ज्या बारीक तारा लावून दिल्यात, त्या काढून टाकू का?" हा फॉरवर्ड त्याआधी दोन ग्रुपांवरून माझ्याकडे येऊन गेला होता. तेव्हा मी तो न वाचता सोडला. आता विषय माझ्याच हाताने चढवलेल्या तारांचा होता, म्हणून सगळा वाचला.

त्याचा सारांश असा. हाय-स्ट्रंग ऊर्फ नॅशव्हिल ट्यूनिंगमध्ये जाड बाजूच्या चार तारा एक सप्तक वर ओढतात. त्यामुळे ताण दुप्पट होतो, ब्रिज (फळीवर चिकटवलेली, तारा अडकवायची पट्टी) उखडतो, नेक म्हणजे गिटारची मान वाकते. हा ट्वेल्व्ह-स्ट्रिंग, म्हणजे बारा तारांची गिटार, न परवडणाऱ्यांचा जुगाड आहे आणि बाराव्या फ्रेटवर (नेकवरच्या आडव्या पट्ट्या म्हणजे फ्रेट) कापो, म्हणजे सगळ्या तारा एकदम दाबून धरणारा चिमटा, लावला तरी तोच आवाज मिळतो. सगळे कॉर्ड नव्याने शिकावे लागतात. कुठलाही मोठा वादक हे वापरत नाही, आणि आपल्या गाण्याला तर याचा उपयोग शून्य. शेवटी "आपल्या मुलांची गिटार वाचवा" आणि हात जोडलेले इमोजी.

सुरुवात ताणापासूनच करू, कारण वडिलांची झोप त्यानेच उडाली आहे.

आहे तीच तार एक सप्तक वर चढवली तर ताण दुप्पट होत नाही, चौपट होतो. म्हणजे मेसेज लिहिणाऱ्याने धोका उलट कमीच सांगितला. सहाव्या, म्हणजे सगळ्यात जाड तारेवर साधारण साडेअकरा किलो ताण असतो, तो पंचेचाळीसच्या वर जाईल. तिथे पोचण्याआधीच तार बहुधा तुटेल आणि हातावर वळ उठेल. पण असं कुणी करतच नाही. जुन्या तारा काढतात आणि त्यांच्या जागी निम्म्याच्या आसपास किंवा त्याहून कमी जाडीच्या तारा लावतात. नेहमीच्या 12-53 सेटमध्ये पहिली तार .012 इंचाची आणि सहावी .053 इंचाची असते, हाय-स्ट्रंगमध्ये तिथे .027 येते. जाडी निम्मी झाली की तारेचं वजन पाव होतं, आणि पाव वजनाची तार सप्तकभर वर चढवली तरी ताण जवळपास पहिल्याइतकाच राहतो. तिसऱ्या-चौथ्या तारेवर तर तो चांगलाच उतरतो. नेहमीच्या सेटमध्ये तिथे प्रत्येकी तेरा-चौदा किलो असतात, .009 आणि .012 लावल्यावर साडेआठच्या आसपास. सगळ्या सहा तारांची बेरीज केली तर 12-53 चा सेट गिटारला सत्तर-पंचाहत्तर किलोने ओढत असतो आणि हाय-स्ट्रंग पन्नास-पंचावन्नने. तुमच्या गिटारवरून वीसेक किलो उतरलेत हो! ब्रिज उचलला जायचाच असेल तर तो आधीच्या तारांनी उचलला असता.

आणि मुंबईत ब्रिज का उचलतात, ते आपल्याला ठाऊक आहे. जुलै-ऑगस्टमध्ये लाकूड फुगतं, वरची फळी पोटासारखी पुढे येते, डिंक ढिला पडतो. मे महिन्यात गिटार बंद गाडीत किंवा पत्र्याखालच्या माळ्यावर ठेवली तरी हेच होतं. माझ्याकडे ब्रिज उखडलेल्या ज्या गिटारी आल्या, त्या सगळ्यांवर नेहमीच्या तारा होत्या.

नेक वाकण्याची भीती मात्र पूर्ण खोटी नाही, दिशा तेवढी उलटी आहे. ताण कमी झाला की नेक पुढे ओढली जात नाही, उलट सरळ होते, कधी किंचित मागे जाते. मग पहिल्या दोन-तीन फ्रेटवर तार खरखरते. ट्रस रॉड, म्हणजे नेकच्या आतली तिला सरळ ठेवणारी सळी, थोडा ढिला केला की काम होतं. एका वेळी पाव फेऱ्यापेक्षा जास्त नको, आणि हात बसलेला नसेल तर दुकानातच करून घ्या. नटच्या (नेकच्या वरच्या टोकाला तारा टेकतात ती पट्टी) खाचा जाड तारांसाठी कापलेल्या असतात, त्यात बारीक तार हलते. त्यावर खरा उपाय म्हणजे वेगळा नट. खाचा घासत बसू नका, नाहीतर परत जाड तारांवर यायचं म्हटलं की पंचाईत. वरच्या फ्रेटवर सूर थोडा सरकतो, कारण सॅडल, म्हणजे ब्रिजवर तारा टेकतात ती पट्टी, दुसऱ्याच तारांच्या हिशोबाने बसवलेलं असतं. पहिल्या पाच फ्रेटवर कॉर्ड वाजवणाऱ्याला ते जाणवतही नाही.

खरा कच्चा दुवा वेगळाच आहे आणि मेसेजमध्ये त्याचा उल्लेखसुद्धा नाही. तो म्हणजे तिसरी तार. हाय-स्ट्रंगमध्ये जी ची तार सप्तक वर गेली की गिटारवरची सगळ्यात उंच सुराची खुली तार तीच होते, पहिल्या ई पेक्षाही उंच. ई साधारण 330 हर्ट्झला, ही 392 ला. साध्या पोलादी तारेची एक गंमत आहे. ती कुठल्या सुरावर तुटणार हे जाडीवर फारसं अवलंबून नसतं. जाड तारेला त्याच सुरासाठी ताण जास्त लागतो, पण तो पेलायला पोलादही तेवढंच जास्त असतं. सगळा हिशोब लांबीवर येतो. गिटारच्या साधारण 65 सेंटिमीटर लांबीत 392 हर्ट्झ म्हणजे पोलादाच्या सहनशक्तीच्या अगदी जवळ. ट्वेल्व्ह-स्ट्रिंगवाल्यांना विचारा, त्यांची हीच तार वरचेवर जाते. म्हणून गायिकेची पट्टी काळी चार आहे म्हणून गिटारच अर्ध्या सुराने चढवून ठेवायची सवय इथे महागात पडते. पहिल्या फ्रेटवर कापो लावा आणि जी कॉर्डचा आकार धरा, झालं. अर्धा सूर उतरवून त्या हिशोबाने कापो लावला तर तार आणखी टिकते.

आता कापोचा मुद्दा. बाराव्या फ्रेटवर कापो लावला की सहाच्या सहा तारा सप्तक वर जातात. हाय-स्ट्रंगमध्ये पहिल्या दोन आपल्या जागीच राहतात आणि बाकी चार वर येऊन त्यांच्या शेजारी बसतात. नेहमीचा खुला सी कॉर्ड धरा. मधल्या सप्तकाचा सी 262 हर्ट्झचा. नेहमीच्या ट्यूनिंगमध्ये कॉर्ड त्याच्या सप्तकभर खालून सुरू होतो आणि वरच्या ई पर्यंत पसरतो. हाय-स्ट्रंगमध्ये तेच बोट, तोच आकार, पण सूर निघतात सी, ई, जी, पुन्हा तोच सी, पुन्हा तोच ई. सगळा कॉर्ड एका षड्ज-पंचमात मावतो आणि दोन सूर दुहेरी वाजतात, प्रत्येक जोडीत किंचित फरक असलेले. जी कॉर्ड एरवी दोन सप्तकं व्यापतो, इथे एकात बसतो. हा दाटपणा कुठल्याही कापोने येत नाही.

तारांचा क्रम असा खालीवर असणं आपल्या कानांना नवं वाटायचं कारणही नाही. तानपुऱ्यावर आधी मंद्र पंचम, मग जोडीचे षड्ज आणि शेवटी परत खाली खर्ज. सतारीवरही खर्जाच्या जाड तारेनंतर परत उंच सुराची चिकारी येते. मिरजेच्या तानपुऱ्याखाली बसून वाढलेल्या माणसाने गिटारला "तारा ओळीने उतरत गेल्या पाहिजेत" म्हणून रागावावं, याचं मला हसू येतं.

कॉर्ड नव्याने शिकावे लागतात, हे तर सरळ चूक. प्रत्येक तारेच्या सुराचं नाव तेच आहे, ई, ए, डी, जी, बी, ई. फक्त सप्तक बदललं. बोटं जिथे होती तिथेच. एकट्याने चाली वाजवणाऱ्याला मात्र त्रास होतो. खालून वर जाणारी सरगम तिसऱ्या तारेवर उंच चढते आणि दुसऱ्या तारेवर गेली की धपकन खाली येते. माझी तर पहिल्या दिवशी पार फजिती झाली होती.

ट्वेल्व्ह-स्ट्रिंगचा जुगाड म्हणावं, तर नातं खरं आहे. ट्वेल्व्ह-स्ट्रिंगच्या सेटमधल्या सहा तारा नेहमीच्या आणि उरलेल्या सहा बरोबर हाय-स्ट्रंगच्या. म्हणून एक बारा तारांचा सेट घेतला की दोन गिटारी तयार होतात. धोबीतलावला वेगळा हाय-स्ट्रंग सेट नाही मिळाला तर मी हेच करतो. पण काम दोन्हींचं वेगळं. ट्वेल्व्ह-स्ट्रिंगमध्ये जाड तारा सोबत असतातच. इथे त्या नाहीत, आणि त्या नसणं हाच फायदा. रोलिंग स्टोन्सच्या 'वाइल्ड हॉर्सेस'मध्ये मिक टेलरने हेच ट्यूनिंग वाजवलं. पिंक फ्लॉइडच्या 1979 च्या 'हे यू'मध्ये डेव्हिड गिल्मोरची गिटार याच पद्धतीची आहे, फक्त त्याने सहावी तार आणखी एक सप्तक वर नेऊन पहिलीच्या सुरात आणली. मोठे वादक हे वापरत नाहीत, याचं उत्तर एवढं पुरे.

शेवटचा मुद्दा आपल्या गाण्याचा, आणि इथे अर्धी बाजू मी मेसेजवाल्याला देतो. गायक आणि एकच गिटार असेल तर हाय-स्ट्रंग घेऊन बसू नका. खाली काहीच नसतं, आवाज पत्र्यासारखा पातळ वाटतो. पण पार्ल्यातल्या माझ्या दहा बाय बाराच्या खोलीत भावगीत रेकॉर्ड करताना चित्र उलटं असतं. पेटीने मधला पट्टा व्यापलेला, खाली डग्गा घुमतोय, पुरुष गायकाचा आवाज तिथेच. त्यात नेहमीच्या गिटारच्या जाड तारा आल्या की सगळं गढूळ होतं. मग मी इक्वलायझरने गिटारचा खालचा भाग कापत बसायचो. आता डाव्या बाजूला साधी गिटार अगदी हळू, उजव्या बाजूला तेच कॉर्ड हाय-स्ट्रंगवर, आणि पेटी मोकळी राहते. कापायचं काही उरतच नाही. ज्याला सहाही तारा बदलायच्या नाहीत, त्याने फक्त तिसरी बदलून बघावी. तेवढ्यानेही कॉर्ड उजळतो.

तर त्या वडिलांना मी उत्तर लिहिलं : तारा काढू नका. पावसाळ्यात वाजवून झालं की फडक्याने पुसून ठेवा, बारीक तारांना गंज लवकर लागतो. आणि .009 ची एक जास्तीची तार गिटारच्या पिशवीत टाकून ठेवा, क्लासला येताना ट्रेनमध्ये नाहीतर वाजवताना, कधीतरी ती तुटणारच आहे.