अकरा तास आणि एक ड्युटी चार्ट

गेले चार दिवस आमच्या सिस्टर लोकांच्या ग्रुपवर एकच विषय चालू आहे. कुणा एका सिस्टरचं रजिस्ट्रेशन, म्हणजे नर्स म्हणून काम करायचा परवाना, नर्सिंग कौन्सिलने सहा महिन्यांसाठी निलंबित केलं. कारण काय, तर नूतनीकरणासाठी लागणारे शिक्षणाचे तास भरलेले नव्हते. "दोन-चार सर्टिफिकेटांसाठी पोटावर पाय द्यायचा?", "कोविडमध्ये जीव धोक्यात घातला तेव्हा कुठे होती कौन्सिल?" असे मेसेज येतायत आणि त्यांच्याखाली हात जोडलेल्या इमोजींची रांग लागते आहे. मी तिथे एक अक्षर लिहिलं नाही. या सिस्टरला मी ओळखत नाही, तिच्या फाइलमध्ये काय आहे तेही मला माहीत नाही. पण असं एक प्रकरण काही वर्षांपूर्वी मी फार जवळून पाहिलंय. किंबहुना त्यात माझा हात आहे. तेव्हापासून मनात असलेलं आज लिहून टाकते. कुणाची ओळख पटेल असं काही लिहिणार नाही.

आधी आमच्या क्षेत्रात नसलेल्यांसाठी थोडक्यात. डॉक्टर, नर्स, फार्मासिस्ट, वकील, सीए, अशा बऱ्याच व्यवसायांत परवाना एकदा मिळाला की जन्मभर चालतो असं सगळीकडे नसतं. ठराविक वर्षांनी तो नव्याने करून घ्यावा लागतो आणि मधल्या काळात ठराविक तास शिकल्याचं दाखवावं लागतं. भारतात डॉक्टरांसाठी २००२ च्या नियमावलीत पाच वर्षांत तीस तास सांगितले आहेत. अमेरिकेत न्यू मेक्सिको राज्याने १९७१ मध्ये डॉक्टरांना ही सक्ती पहिल्यांदा केली आणि १९७५ मध्ये मिनेसोटा आणि आयोवाने वकिलांना. पण त्याच अमेरिकेत आजही अशी राज्यं आहेत जिथे नर्सला एकाही तासाची सर्वसाधारण सक्ती नाही. म्हणजे हा नियम काही आकाशातून पडलेला नाही. माणसांनी केलाय, माणसं त्यावर वाद घालू शकतात.

बऱ्याच ठिकाणी नूतनीकरणाच्या वेळी कुणी सर्टिफिकेटं मोजत बसत नाही. आपण फॉर्मवर एका चौकोनात खूण करतो, "मी आवश्यक तास पूर्ण केले आहेत", आणि खाली सही करतो. एवढ्यावर परवाना मिळतो. मग काही नावं निवडून त्यांना पत्र जातं, पुरावे पाठवा म्हणून. पुरावे नसले की कारणे दाखवा नोटीस, मग सुनावणी, मग ताकीद, दंड, जादा तास किंवा निलंबन.

म्हणजे कुणाचे तास खरोखरच कमी पडले काय आणि कुणी न भरलेले तास भरले असं खोटं सांगितलं काय, बाहेरून दोन्ही प्रकरणांवर एकच लेबल लागतं, "तास न भरल्याबद्दल कारवाई". आतून मात्र ती अगदी निराळी असू शकतात. मी इन्चार्ज सिस्टर आहे त्या वॉर्डात दोन्ही झाली. एकाच वर्षी.

पहिल्या सिस्टरला अकरा तास कमी पडत होते. वडिलांना पक्षाघात झाला होता, घरात दुसरं कुणी नव्हतं. ड्युटी आणि घर एवढ्यातच तिचं वर्ष गेलं. फॉर्म भरायची तारीख जवळ आली तशी ती माझ्याकडे आली. "ताई, टिक करून टाकू का? सगळे करतात." मी म्हटलं, पत्र लिही. आम्ही दोघींनी चहाच्या वेळात बसून ते लिहिलं. तास किती झाले, किती राहिले, का राहिले आणि किती दिवसांत भरते. सोबत वडिलांच्या डिस्चार्ज कार्डाची प्रत. तिला मुदत मिळाली, विलंब शुल्क भरावं लागलं, तास पूर्ण झाले, विषय संपला. आज तिच्या नावापुढे कुठेही डाग नाही.

दुसऱ्या सिस्टरने टिक केली. ती कामाला वाघीण होती, हे आधी सांगते. शीर सापडत नाही अशा पेशंटला ती शीर शोधून द्यायची. तिला पडताळणीचं पत्र आलं तेव्हा तिने सर्टिफिकेटं पाठवली आणि ती निर्धास्त झाली. काही आठवड्यांनी माझ्या नावाने पत्र आलं, इन्चार्ज म्हणून. अमुक महिन्याच्या ड्युटी चार्टची प्रमाणित प्रत पाठवावी.

चार्ट मीच आखलेला होता. मी अजून पट्टीने रेघा मारून चार्ट करते, सकाळला निळी शाई आणि नाइटला लाल. तिच्या नावासमोर त्या महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात सलग चार दिवस निळी 'स' होती. त्यातल्याच दोन दिवशी ती दुसऱ्या शहरात दहा ते पाच कार्यशाळेला बसली होती, असं सर्टिफिकेट सांगत होतं. आपण ड्युटी बदलली असेल आणि मी खोडायला विसरले असेन, अशी एक वेडी आशा मला तेव्हा वाटली. म्हणून मी मॉर्फिनचं रजिस्टर काढलं. ते औषध कपाटातून काढलं की दोन सह्या लागतात, देणारीची आणि साक्षीदाराची. त्या दोनपैकी एका दिवशी सकाळी ११ वाजून ४० मिनिटांनी एक अँप्यूल काढलं होतं. देणारीची सही तिची. साक्षीदाराची सही माझी.

मी बराच वेळ ते पान बघत बसले. शाईसुद्धा तीच होती, आम्ही एकच पेन वापरलं होतं.

मी चार्टची प्रत पाठवली. लिननच्या खोलीत तिने मला विचारलं, "ताई, चार्ट हरवला असं म्हणता आलं असतं ना तुम्हाला?" मी म्हटलं, "आणि रजिस्टर? तेही हरवलं म्हणायचं का?" त्यानंतर ती माझ्याशी कामापुरतंच बोलली. तिचं रजिस्ट्रेशन काही महिन्यांसाठी निलंबित झालं. त्या दिवसांत तिच्या मुलीची फी कुणी भरली ते मला ठाऊक आहे, ते इथे लिहिणार नाही.

ग्रुपवर जे म्हणतात "फक्त कागदाचा प्रश्न आहे", त्यांना मला एवढंच विचारायचंय की आपल्या कामात कागद नाही असं काय आहे? रात्री तीन वाजता पेशंटला कोणतं इंजेक्शन किती दिलं हे पेशंट सांगू शकत नाही, नातेवाईक झोपलेले असतात, डॉक्टर दुसऱ्या मजल्यावर असतात. सकाळी येणारी सिस्टर कशावर भरवसा ठेवून पुढचा डोस ठरवते? आदल्या रात्रीच्या सहीवर. रक्त चढवताना पिशवीवरचा नंबर दोघींनी वाचला हे कशावरून कळतं? सहीवरून. एका ठिकाणची सही खरी आणि दुसऱ्या ठिकाणची सोयीची, असं मला मनात वेगळं ठेवता आलं नाही. मी प्रयत्न करून पाहिला होता.

म्हणून माझं मत असं आहे, आणि ते दोन्ही बाजूंना आवडणार नाही. तास कमी पडले म्हणून कुणाचंही काम बंद करू नये. मुदत द्या, जादा तास सांगा, दंड घ्यायचा तर परवडेल एवढा घ्या, आणि तास भरल्यावर ते प्रकरण नोंदीतून पुसून टाका. बऱ्याच देशांत कौन्सिलचे आदेश वेबसाइटवर नावानिशी दिसतात, वर्षानुवर्षं. पुढची नोकरी देणारा नाव टाकून बघतो आणि त्याला "शिस्तभंग कारवाई" एवढंच दिसतं. आत वडिलांचा पक्षाघात आहे की खोटं सर्टिफिकेट, हे शोधायला त्याला वेळ नसतो. अकरा तासांसाठी एवढी मोठी शिक्षा असू नये. पण जिथे खोटी तारीख आहे, न केलेल्या कोर्सचं सर्टिफिकेट आहे, तिथे निलंबन व्हायलाच हवं. आणि त्या आदेशात कारण स्पष्ट शब्दांत लिहायला हवं, म्हणजे बाकीच्या हजारो सिस्टरना कळेल की शिक्षा तासांची झाली नाही, खोटेपणाची झाली.

आता कौन्सिलवाल्यांसाठी. तुम्ही हे तास इतके पोकळ करून ठेवलेत की शिक्षा करताना तुमचा आवाज खणखणीत निघत नाही.

मी कितीतरी कार्यशाळांना गेलेय. सकाळी रजिस्टरवर सहीसाठी रांग, अकराच्या चहानंतर अर्ध्या खुर्च्या रिकाम्या, आणि संध्याकाळी सर्टिफिकेट घ्यायला पुन्हा तीच रांग. एका बाईला पाच जणींची सर्टिफिकेटं पर्समध्ये टाकताना मी डोळ्यांनी पाहिलंय. टेबलामागच्या माणसानेही पाहिलं आणि पुढचं नाव पुकारलं. वेबिनारचं तर विचारूच नका. फोन उशीखाली चालू ठेवून नाइटनंतर झोपलेल्या मुलींना मी दोष देत नाही, कारण रजा मिळत नाही, फी खिशातून आणि कार्यक्रम नेमका वीकली ऑफला. शिकायचं असेल तर शरीराला विश्रांती लागते हे आपणच पेशंटला सांगतो.

आणि याचा परिणाम मी एकदा पाहिला. एक पेशंट अचानक गेला, म्हणजे श्वास थांबला, नाडी लागेना. माझ्याबरोबरच्या ज्येष्ठ सिस्टरने त्याच्या तोंडाशी कान नेला, नजर छातीवर लावली आणि मनात दहा आकडे मोजायला सुरुवात केली. बघा, ऐका, अनुभवा. तिला विद्यार्थिदशेत तेच शिकवलं होतं आणि तिने ते अगदी बिनचूक केलं. पण ती पायरी २०१० च्या अमेरिकन हार्ट असोसिएशनच्या मार्गदर्शक सूचनांत काढून टाकली होती. आधी श्वासमार्ग, मग श्वास, मग छातीवर दाब, हा क्रमही तेव्हाच उलटला आणि दाब पहिला आला. त्याआधी २००५ मध्ये पंधराला दोनऐवजी तीस दाबांना दोन श्वास झाले होते. तिला यातलं काहीच पोचलं नव्हतं. पलीकडून दोन वर्षांची नोकरी झालेली मुलगी धावत आली, तिने पलंग सपाट केला आणि दाब सुरू केला. पेशंट परत आला.

त्या ज्येष्ठ सिस्टरचे तास पूर्ण होते. जास्तच होते. मी नंतर तिची फाइल पाहिली. व्यवस्थापन कौशल्य, तणावमुक्ती, रुग्णालयातील संवाद. सरावासाठी असतो त्या पुतळ्याच्या छातीवर हात ठेवलेला एकही तास त्यात नव्हता. कौन्सिलच्या हिशेबात ती निर्दोष होती.

अनुभव वाढला की माणूस आपोआप चांगला होतो असं आम्हा जुन्या लोकांना फार वाटतं. २००५ मध्ये डॉक्टरांवरच्या ६२ अभ्यासांचा एकत्रित आढावा प्रसिद्ध झाला. त्यातल्या निम्म्याहून जास्त अभ्यासांत, नोकरीची वर्षं वाढली तसतशी मोजलेली प्रत्येक बाब घसरलेली दिसली. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला राग आला होता. मग तो दहा आकडे मोजणारा चेहरा आठवला. म्हणजे शिक्षण हवंच. पण कसलं? २००९ मध्ये ८१ चाचण्यांचा आणखी एक आढावा आला. सभा, व्याख्यानं, कार्यशाळा यांनी प्रत्यक्ष कामात किती फरक पडतो, तर सहा टक्क्यांच्या आसपास. फक्त व्याख्यान न ठेवता सोबत चर्चा आणि सराव असला की फरक वाढतो. एवढं माहीत असताना आपण अजूनही माणसांना खुर्चीत बसवून तास मोजतो आहोत.

ब्रिटनमध्ये एप्रिल २०१६ पासून नर्सना वेगळी पद्धत लावली. तीन वर्षांत पस्तीस तास, पण त्यातले किमान वीस इतरांबरोबर प्रत्यक्ष भाग घेऊन. त्याशिवाय आपल्या कामावर पाच लोकांचे अभिप्राय, आणि आपण काय शिकलो, कामात काय बदललं यावर पाच टिपणं. मग त्या टिपणांवर दुसऱ्या नोंदणीकृत नर्सशी बसून बोलायचं. तिथेही लोक कुरकुर करत असतीलच. पण विचार करा, तुमच्या वॉर्डातल्याच एका सिस्टरसमोर बसून "गेल्या तीन वर्षांत माझ्या हातून हे चुकलं, आता मी असं करते" हे सांगायचं असेल, तर ते पर्समध्ये घालून दुसरीला नेऊन देता येत नाही.

आमच्या वॉर्डात आता दर दोन महिन्यांनी शिफ्ट बदलताना पंधरा मिनिटं आम्ही पुतळा काढतो. पाच ते सहा सेंटिमीटर दाब, मिनिटाला शंभर ते एकशेवीस. ज्येष्ठ असो की नवीन, प्रत्येकीने हात लावायचा. हे कुणाच्या नूतनीकरणाच्या तासांत धरलं जात नाही. त्या ज्येष्ठ सिस्टरने पहिल्या दिवशी पुतळ्यासमोर गुडघे टेकले, दोन मिनिटं दाब दिला आणि घाम पुसत म्हणाल्या, "हे मला कुणी आधी का नाही दाखवलं?" त्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं. इन्चार्ज मीच होते.

निलंबन संपल्यावर दुसरी सिस्टर आमच्याच वॉर्डात परत आली. पहिले दोन दिवस सगळ्या तिच्याशी जरा जास्तच गोड बोलत होत्या. तिसऱ्या दिवशी कॅन्सरच्या एका आजोबांना मॉर्फिन द्यायचं होतं. कपाटाची किल्ली तिच्याकडे होती. तिने इकडेतिकडे पाहिलं. बाकी दोघी ड्रेसिंगला होत्या, जवळ मी एकटीच. तिने काही न बोलता अँप्यूल माझ्यासमोर धरलं. मी नाव वाचलं, मात्रा वाचली, मुदत वाचली, उरलेली अँप्यूल मोजली. तिने वेळ घातली, सही केली आणि रजिस्टर माझ्याकडे सरकवलं. मी घड्याळाकडे बघून वेळ ताडून पाहिली, तिच्यासमोरच, आणि तिच्या सहीशेजारी माझी सही केली.